दहा हजार फुटांवरचा काळा धूर

प्रिय लाव्हॉन,

परवा फोनवर तू विचारलंस, "आर्डी, अगं ट्रक दुरुस्त होतोय की नवीन घडवतायत?" आणि मी लगेच "आयलीन हाक मारतेय" म्हणून फोन ठेवला. आयलीन तेव्हा आरामखुर्चीत घोरत होती. तुला ते कळलं असणारच. इतकी वर्षं तू शाळेत पोरं सांभाळलीस, तुझ्यापुढे बहाणा टिकत नाही. म्हणून आज दुपारी कॉफीचा मोठा मग घेऊन खिडकीशी बसले आहे आणि पहिल्यापासून सगळं लिहून काढते आहे. तूही तुझी ती पाणचट कॉफी करून घे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बस. उभ्याउभ्या वाचू नकोस.

समोरच्या डोंगरावरची अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झाली आहेत. वारा नसतानाही त्यांची पानं हलत असतात. बघत बसलं की अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही. इथली हवाच पातळ. सकाळी जाग आली तरी आपण पुरते जागे आहोत की नाही, याची खात्री पटायला थोडा वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात जिना चढले की माझी छाती भरून यायची आणि डोळ्यांपुढे नदीवर उतरणारे आपल्याकडचे क्रौंच दिसायचे, रांगाच्या रांगा. आयलीन म्हणाली, "उंचीवर आलेल्या सगळ्यांना असंच होतं, दोन दिवसांत उतरेल." माझं अजून उतरलेलं नाही.

आपलं काय ठरलं होतं ते मला आठवतं आहे. आयलीनचं कमरेचं हाड जुळेपर्यंत तिच्याकडे राहायचं, मावशीचं, म्हणजे तिच्या आईचं, कपाट तिला पोचवायचं आणि खिंडीवर बर्फ पडायच्या आत घरी परतायचं. एकदा बर्फ पडलं की हा रस्ता वसंतापर्यंत बंद. वळसा घालून जाणाऱ्या हमरस्त्यावर माझ्या मर्लचा हा जुना, संथ ट्रक नेणं म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या शिव्या खाणं. तेव्हा ट्रक वेळेत नीट झाला नाही तर सगळा हिवाळा मी इथे आणि तू तिथे. तुझं घोडं याच ठिकाणी अडलं आहे, मला माहीत आहे. संध्याकाळी पत्त्यांना जोडीदार नाही, आणि बोलून दाखवत नसलीस तरी रात्रीच्या वाऱ्याला तू घाबरतेस.

ट्रकने सपाटीवर काही कुरकुर केली नव्हती. आपला सगळा नेब्रास्का शहाण्यासारखा ओलांडला. कोलोरॅडोतला चढ लागला तसा त्याचा सूर बदलला. आधी ओढ कमी झाली, मग मागच्या आरशात काळा धूर दिसायला लागला, आणि खिंडीच्या शेवटच्या वळणांवर तर तो असे आचके देत होता की मी त्याला चुचकारत, आईच्या नावाने शपथा घालत वर आणला. पेट्रोलचा वास माझ्या केसांत बसला होता. आयलीनच्या दाराशी पोचले आणि ट्रक बंद पडला तो पडलाच. आयलीन वॉकर धरून दारात आली, कपाटाकडे पाहिलंही नाही, नाक दाबून म्हणाली, "कपाट आणलंस की तेलविहीर?" आणि तिने लुडीला फोन लावला.

लुडविक पेर्को. गावात सगळे लुडी म्हणतात. याचे आजोबा स्लोव्हेनियातून इथल्या खाणीत आले. लुडीही तरुणपणी खाणीत होता. खाण बंद झाल्यावर त्याने गावाच्या टोकाला गॅरेज काढलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. उंच, जरा वाकलेला, आणि बोलायला असा सावकाश की दोन वाक्यांच्या मध्ये मी टोमॅटो चिरून घेते. पहिल्या दिवशी त्याने बॉनेट उघडलं, वाकून वास घेतला, एक प्लग काढून बघितला. काजळीने काळाकुट्ट, कोरडा. "पेट्रोल जास्त जातंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "ते मलाही कळतंय. का जातंय?" त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बघायला लागेल. एकेक करून," म्हणाला.

आणि मग एकेक करून बघणं सुरू झालं. तुला यंत्रातलं काही कळत नाही, म्हणून सोपं करून सांगते. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्र होऊन इंजिनात जातात. पेट्रोल जास्त झालं किंवा हवा कमी पडली की काळा धूर. कारणं पुष्कळ असतात, आणि लुडीने त्यातलं एकही सोडलं नाही. आधी चोक. थंडीत गाडी सुरू करताना आपण जी मूठ ओढतो ना, तिच्या टोकाला हवा अडवणारी एक झडप असते. तिची तार गंजली होती, मूठ पूर्ण आत ढकलली तरी झडप जराशी तिरकीच राहत होती. त्याने तार काढून तेल पाजलं, अगदी मायेने. धूर थोडा कमी झाला. मी म्हटलं झालं. तो म्हणाला, "नाही, अजून आवाज बरोबर नाही."

मग हवेचा फिल्टर उघडला तर आत उंदराचं घर. आपल्या शेडमधल्या त्या उंदरांनीच बांधलेलं असणार, कारण त्यात तुझ्या हिरव्या स्वेटरची लोकर निघाली. तो स्वेटर तू चर्चला दान केला होतास असं मला सांगितलं होतंस. असो. लुडीने ते घरटं टाकून दिलं नाही, खिडकीत ठेवलं. म्हणाला, "एवढ्या उंचीवर आले बिचारे." म्हणजे उंदीर आले नव्हते, नुसतं घर आलं होतं, पण ते जाऊ दे. फिल्टर धुऊन त्यात नवं तेल भरलं, त्यात एक अख्खी दुपार गेली. दुपारी मी त्याच्यासाठी राजमा-खिम्याची तिखट चिली नेली होती, आणि आपल्या सवयीप्रमाणे सोबत दालचिनीचे रोल. त्याने ताटलीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे आधी खायचं की नंतर?" मी म्हटलं, "सोबतच. तिखटात बुडवून." त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी बुडवून खाऊन दाखवलं. मग त्यानेही खाल्लं, डोळे मिटून खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी आईच्या पद्धतीने केलेला अक्रोडाचा रोल घेऊन आला. बायकांपेक्षा चांगला करतो गं. आयलीनला मिळावा म्हणून मी अर्धा लपवून ठेवला होता, पण मीच खाल्ला.

त्यानंतर फ्लोट. कार्बोरेटरच्या पोटात पितळेचा एक पोकळ तुकडा पेट्रोलवर तरंगत असतो. पेट्रोल पुरेसं भरलं की तो वर उचलला जातो आणि येणारं पेट्रोल अडवतो. त्याला बारीक भोक पडलं तर आत पेट्रोल शिरतं, तो जड होऊन बुडतो, आणि मग वाहणं थांबतच नाही. लुडीने तो काढला, पुसला, माझ्या कानाशी धरून हलवला. "ऐका, आत काही वाजतंय का?" मी ऐकत राहिले. काही वाजत नव्हतं. गॅरेजचं दार उघडं होतं, बाहेर पिवळी पानं, आणि तो माझ्या कानाशी तो पितळी तुकडा धरून उभा. त्याच्या हाताला साबणाचा आणि पेट्रोलचा वास होता. मी म्हटलं, "परत हलवा, नीट कळलं नाही." लाव्हॉन, मला नीट कळलं होतं.

मग त्याने एक सुईसारखी झडप खालच्या शहरातून टपालाने मागवली. आली ती दुसऱ्याच मापाची. परत मागवली. मी चिडले असं तुला फोनवर सांगितलं, ते तेवढं खरं नव्हतं. ती येईपर्यंत काही काम नव्हतं, म्हणून लुडी मला जुन्या खाणीच्या वरच्या तळ्यावर घेऊन गेला. त्याची गाडी कशी धूर न सोडता चढत होती, ते मी मुद्दाम बोलले नाही. तळ्याचं पाणी इतकं स्थिर होतं की डोंगर वर कुठला आणि खाली कुठला, याचा घोळ होत होता. आम्ही एका लाकडावर बसून सँडविचेस खाल्ली. त्याने बायकोबद्दल सांगितलं, मी मर्लबद्दल. मर्ल गेल्यानंतर तू तुझं घर सोडून माझ्याकडे राहायला आलीस, तेही सांगितलं. तो म्हणाला, "चांगली बहीण आहे." मी म्हटलं, "आहे, पण पत्त्यांत खोटं खेळते."

तू त्याच रात्री फोन केलास. म्हणालीस, "ट्रक तिथेच सोड आणि बसने ये. लोखंडच आहे ते." मी म्हटलं, "मर्लचा ट्रक परक्या गावात सोडून कशी येऊ?" तू गप्प झालीस. मर्लचं नाव काढलं की तू नेहमी गप्प होतेस, आणि मला ते माहीत होतं. ट्रकसाठी थांबले आहे, ही गोष्ट तोपर्यंत मीच मला सांगत होते. ती सांगताना जीभ अडखळली, ही पहिलीच वेळ.

स्फोट झाला तो रविवारी, जेवताना. आयलीनला आता वॉकरशिवाय चार पावलं टाकता येतात, त्यामुळे तिला फार जोर आला आहे. लुडी जेवायला होता. मी विचारलं, "सुई बसवून झाली, आता पुढे काय?" तो म्हणाला, "आता पेट्रोलचा पंप उघडून बघावा म्हणतो." आयलीनने काटा ताटात आपटला. "लुडविक पेर्को! पन्नास वर्षं मी या गावात राहतेय. खालून वर येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीचं पहिल्याच दिवशी जेट बदलतात. इथे हवा विरळ आहे हे शेंबडं पोरही सांगेल! तुझ्या गॅरेजच्या भिंतीवर खालच्या लोकांची जेटं, त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावून, टांगलेली आहेत. आणि तू महिनाभर उंदराची घरं काय शोधतोयस?"

जेट म्हणजे पेट्रोल जायचं पितळेचं भोक, पोरी. खालच्या हवेसाठी जेवढं लागतं तेवढंच भोक वर आणलं, तर वरच्या विरळ हवेत ते मोठं पडतं. मग बारीक भोकाचं जेट घालायचं. बस. अर्ध्या तासाचं काम. आपल्या सपाटीवरच्या माणसांच्या डोक्यात हे येत नाही. आपण सगळे आधी चोकवर संशय घेतो, कारण हवा सगळीकडे सारखीच असते असं आपण धरून चालतो. पण लुडीला पहिल्या दिवशी, पहिल्या वासालाच ते कळलं होतं. त्याचे कान लालबुंद झाले. टोपी घरात काढून ठेवली होती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला सुचेना. तो म्हणाला, "तारही गंजली होती. घरटंही होतंच." आयलीन म्हणाली, "हो, आणि तूही आहेसच."

मला हसू आवरेना. आयलीनला वाटलं मी त्याला हसते आहे. तिला काय सांगू? लग्नानंतर मर्ल आणि मी याच ट्रकमधून याच डोंगरांत फिरायला आलो होतो. तेव्हाही असाच काळा धूर निघाला, आणि वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने मर्लला जेट बदलून दिलं होतं. परत जाताना आपलं जुनं मागून घ्या, असं बजावलंही होतं. मी शेजारी उभी राहून सगळं बघितलं होतं. खिंडीत पहिला धूर आरशात दिसला तेव्हाच मला कळलं होतं की याला काय झालंय. मग मी बोलले का नाही? पहिल्या दिवशी वाटलं, बघू तरी या माणसाला येतं का. दुसऱ्या दिवशी त्याने तारेला तेल पाजलं आणि मला बघत बसावंसं वाटलं. नंतर बोलायला फारच उशीर झाला होता. दोन म्हातारी माणसं महिनाभर एका इंजिनाभोवती उभी, दोघांनाही रोग ठाऊक, आणि दोघंही एकमेकांना पत्ता लागू देत नाहीत. तू आत्ता कपाळाला हात लावला असशील.

सोमवारी सकाळी त्याने जेट बदललं. माझ्याकडे न बघता, खरोखर अर्ध्या तासात. ट्रक सुरू झाला आणि मर्लच्या वेळेसारखा एकसुरी घुमायला लागला. धुराचा मागमूस नाही. लुडी म्हणाला, "चढावर बघायला हवं," म्हणून आम्ही खिंडीपर्यंत गेलो. मी चालवत होते. एकही आचका नाही, शेवटच्या वळणांवरही नाही. वर गाडी थांबवली तर पलीकडचा उतार दिसत होता, आणि खूप खाली, धुक्यात, सपाटी सुरू होताना दिसते तशी एक फिकट रेघ. आपलं घर त्या रेघेच्याही पलीकडे. लुडीने खिशातून रुमालात गुंडाळलेलं मर्लच्या ट्रकचं जुनं जेट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "खाली पोचलात की हे परत बसवून घ्या. बारीक जेटवर खाली चालवलात तर इंजिन तापेल. कुठलाही मेकॅनिक बसवून देईल." मग त्याने टोपी सारखी केली. "आजचा दिवस चांगला आहे," म्हणाला, "हवं तर इथूनच निघा. मी चालत जाईन, उतार आहे. सामान आयलीन पाठवेल."

त्याने तसं म्हटलं, आणि मला रडू आलं. ज्या माणसाने महिनाभर मला थांबवून ठेवायला उंदराचं घर खिडकीत मांडलं, तो मला माझ्याच ट्रकमध्ये, माझ्याच रस्त्याला लावून देत होता. वाऱ्यात बर्फाचा वास होता. मी बराच वेळ त्या फिकट रेघेकडे बघत राहिले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असलेली तू मला दिसलीस, हे मी तुला खोटं सांगत नाही. मग मी गाडी वळवली. लुडीने विचारलं, "काही विसरलं का?" मी म्हटलं, "गप्प बसा हो तुम्ही." गावात येईपर्यंत तो खरंच गप्प बसला. आयलीनच्या दाराशी उतरताना म्हणाला, "तुम्ही राहिलात तर मला फार बरं वाटेल, आर्डिस. कायमच्या, म्हणजे." एवढंच. याला एवढं बोलायला किती वेळ लागला असेल, याचा अंदाज तुला आता आला असेल.

मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही. आज खिंडीवर पहिलं बर्फ पडलं. आयलीनच्या खिडकीतून वरची कडा पांढरी दिसते आहे. दोन दिवसांत रस्ता बंद करतील असं म्हणतात. आत्ता निघाले तर अजून सुटू शकते. मी निघत नाही, लाव्हॉन. मी लुडीला हो म्हणणार आहे. पण त्याला सांगायच्या आधी तुला सांगायचं होतं, आणि ते फोनवर सांगता येणार नव्हतं. फोनवर तुझं "हॅलो आर्डी" ऐकलं असतं तर मी "येते गं, उद्याच निघते" म्हणून बसले असते, आणि खरंच आले असते, आणि मग आयुष्यभर तुला पत्त्यांत हरवत त्याची शिक्षा दिली असती. तू माझ्यासाठी तुझं घर सोडलंस आणि मी तुला त्या मोठ्या घरात एकटी टाकते आहे. हे कितीही फिरवून लिहिलं तरी तेच राहतं, म्हणून फिरवत नाही. तू रागावशील, रागाव. आठवडाभर फोन उचलू नकोस, हवं तर महिनाभर. फक्त त्यानंतर एकदा उचल. मी रोज संध्याकाळी, आपण पत्ते काढायचो त्या वेळेला, लावत राहीन.

तुझीच,
आर्डी